मॉर्फिनची गोळी घड्याळाच्या काट्यावर: वाढलेल्या कॅन्सरचं दुखणं कसं आवरतात

डॉक्टरांच्या कागदावर ‘मॉर्फिन’ हा शब्द दिसला की घरातली माणसं एकमेकांकडे बघतात. पेशंटला बाकावर बसवून कुणीतरी एकटंच परत आत जातं आणि दबक्या आवाजात विचारतं, “म्हणजे आता संपलंच का?” कुणाला व्यसनाची धास्ती असते, कुणी अमेरिकेतल्या ओपिऑइडच्या, म्हणजे अफूच्या घराण्यातल्या औषधांच्या, व्यसनाच्या बातम्या वाचलेल्या असतात. गोळ्या घरी येतात आणि कपाटात जातात. ‘अगदीच सहन होईना तेव्हा देऊ’ असं ठरतं. काळजीपोटीच ठरतं, पण मॉर्फिनच्या बाबतीत होणारी सगळ्यात मोठी चूक हीच आहे.

शरीरभर पसरलेल्या कॅन्सरमध्ये साधारण तीनपैकी दोन पेशंटना दुखण्याचा त्रास असतो. त्यातल्या बहुतेकांचं दुखणं तोंडाने घ्यायच्या, फार महाग नसलेल्या गोळ्यांनी सोसवेल इतकं खाली आणता येतं. ते कसं, कुठे बिघडतं आणि का, हे इथे सांगितलं आहे. पुढे येणारे आकडे डॉक्टरांचा कागद वाचता यावा म्हणून दिले आहेत. डोस मात्र ज्यांनी पेशंट तपासला आहे त्यांनीच ठरवायचा.

मॉर्फिन नेमकं करतं काय?

मॉर्फिन अफूपासून निघतं. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यावर अफूची शेती होते, आणि नीमच व गाझीपूर इथल्या सरकारी कारखान्यांत त्या अफूतून औषधी द्रव्यं काढतात. अफूपासून मिळणाऱ्या किंवा तिच्यासारखंच काम करणाऱ्या औषधांना एकत्रितपणे ओपिऑइड म्हणतात. कोडीन, ट्रॅमाडॉल, ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन, फेंटानिल ही सगळी त्याच घरातली भावंडं, फक्त ताकद कमी-जास्त.

जखम मांडीत असो की पोटात, दुखणं कळतं मेंदूला. तिथवर बातमी पोचवण्याचं काम नसा करतात, आणि वाटेत मज्जारज्जूत जणू एक नाका लागतो. या नाक्यावर काही कुलपं आहेत. शरीर स्वतः एंडॉर्फिन नावाची किल्ली बनवतं आणि ती लावून दुखण्याची रहदारी थोडीफार अडवतं. म्हणूनच अपघातात हात मोडलेल्या माणसाला पहिली काही मिनिटं कधीकधी काहीच कळत नाही. मॉर्फिनची किल्ली याच कुलपांना बसते. गाठ जागेवरच असते, तिच्याकडून निघणाऱ्या बातम्याही चालूच राहतात, पण नाक्यापुढे फार कमी जातात.

हीच कुलपं आतड्यांतही आहेत. मेंदूत जिथून मळमळ सुरू होते तिथे आहेत, आणि श्वासाची लय ठरते तिथेही आहेत. मॉर्फिनचे बहुतेक दुष्परिणाम इथूनच येतात. औषध रक्तात गेलं की सगळीकडे जातं, फक्त दुखऱ्या जागी जा असं त्याला सांगता येत नाही.

साध्या गोळीचा गुण वीस-तीस मिनिटांत सुरू होतो, तासाभरात पुरता येतो आणि चार तासांत उतरतो. हा चार तासांचा आकडा लक्षात ठेवा, पुढचं बरंचसं गणित त्यावर आहे.

कुठे दुखतं ते सांगता, कसं दुखतं तेही सांगा

मराठीत दुखण्याला जितके शब्द आहेत, तितके डॉक्टरांच्या फॉर्मवर नसतात. पेशंटनं ते वापरायला हवेत, कारण प्रत्येक शब्द वेगळ्या औषधाकडे बोट दाखवतो.

‘आग होते’, ‘करंट बसतो’, ‘मुंग्या येतात’, ‘कापड लागलं तरी सहन होत नाही’, अशी तक्रार असेल तर गाठीखाली नस दबली किंवा दुखावली असण्याची शक्यता मोठी. इथे नुसतं मॉर्फिन अनेकदा अपुरं पडतं आणि सोबत अमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन किंवा प्रीगाबालिन लागतं. अमिट्रिप्टिलिन बहुधा रात्री १० मि.ग्रॅ.पासून सुरू करतात. म्हाताऱ्या माणसांत त्याने लघवी तुंबू शकते, गोंधळल्यासारखं होऊ शकतं. या गोळ्यांची गंमत अशी, की पाकिटावरचं नाव इंटरनेटवर शोधलं तर नैराश्याचं किंवा फिट्सचं औषध असं दिसतं आणि घरचे घाबरून ती बंद करतात. ती नसेच्या दुखण्यासाठी दिलेली असते.

‘हाडात ठणका लागतो, कूस बदलली की जीव जातो’ हे हाडात पसरलेल्या कॅन्सरचं बोलणं. अशा दुखऱ्या हाडाला रेडिएशन, अनेकदा ८ ग्रेची (ग्रे हे रेडिएशनचं माप) एकच बैठक, चांगलं लागू पडतं. गुण यायला मात्र एक ते काही आठवडे लागतात, आणि तोवर मॉर्फिन चालू ठेवावं लागतं. ‘कळ येते, जाते, पुन्हा येते’ हे आतड्याचं दुखणं असू शकतं. त्यावर आतड्याची ओढ सैल करणारं औषध लागतं, आणि आतडं अडकलंय का तेही पाहावं लागतं. सुजेमुळे दाटून आल्यासारखं दुखत असेल, यकृताभोवती किंवा मेंदूत, तर डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड कामाला येतं.

एक तक्रार मात्र फोनवर सांगून उद्यावर ढकलू नये. पाठीत नव्यानं जोराचं दुखणं, त्यासोबत पायांत कमजोरी, बधिरपणा किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटणं. याचा अर्थ मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठायचं, कारण गेलेली ताकद नंतर परत येईलच असं नसतं.

किती दुखतं हे शून्य ते दहा या मापात विचारतात. जुन्या माणसांना हे माप परकं वाटतं. त्यांना ‘रुपयातले किती आणे दुखतं?’ असं विचारलं तर झटकन उत्तर येतं. सकाळी बारा आणे होतं आणि गोळीनंतर चार आण्यांवर आलं, एवढं कळलं तरी डोस ठरवायला पुरतं.

दुखायला लागल्यावर गोळी का देऊ नये?

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. टाकीला खालून बारीक गळती आहे आणि आत दोन खुणा आहेत. पाणी खालच्या खुणेखाली गेलं की दुखणं सुरू होतं, वरच्या खुणेवर गेलं की गुंगी येते. काम एवढंच, की पाणी दोन खुणांच्या मधे राहावं. दर चार तासांनी ठरलेली बादली ओतली तर ते राहतं. नळ कोरडा पडल्यावर बादली शोधायला धावलो, तर ती ओतून पाणी खाली पोचेपर्यंत अर्धा-पाऊण तास तळमळीत जातो. शिवाय तापलेल्या नसा शांत करायला जास्त बादल्या लागतात. ‘जपून’ दिलेलं औषध असं शेवटी जास्तच खर्ची पडतं, आणि पेशंटचा दिवस गोळीची वाट बघण्यात जातो.

सुरुवात साधारण दर चार तासांनी ५ मि.ग्रॅ.ने होते, म्हणजे १० मि.ग्रॅ.ची अर्धी गोळी. फार अशक्त किंवा वयस्कर माणसाला २.५ मि.ग्रॅ. आधी ट्रॅमाडॉल किंवा कोडीन पुरेशा डोसमध्ये चालू असेल तर कधीकधी १० पासूनही. वेळा सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. रात्री दोनला उठवू नये म्हणून दहाच्या वेळी दुप्पट डोस देतात. हा दुप्पट डोस पाहून घरच्यांना वाटतं की कागदावर चूक झाली आणि ते निम्मा देतात. मग पहाटे तीनला पेशंट जागा होतो. चूक नसते, दोन वेळचं एकत्र असतं.

याशिवाय मधेच उसळणाऱ्या दुखण्यासाठी एक वरचा डोस लिहून दिलेला असतो. तो दिवसभराच्या एकूण मॉर्फिनच्या साधारण एक षष्ठांश, म्हणजे चार तासांच्या डोसएवढा. तो दिला म्हणून पुढची ठरलेली गोळी चुकवायची नाही. दुखणं उसळतं, वरचा डोस दिला जातो आणि मग ‘आत्ताच तर दिली’ म्हणून दहाची गोळी राहून जाते, हे फार घरांत होतं.

समजा, १० मि.ग्रॅ. चालू आहे. चार वेळा १० आणि रात्री २०, एकूण ६०. वरचे डोस दिवसाला तीन लागले, म्हणजे आणखी ३०. बेरीज ९०. पुढच्या भेटीत डॉक्टर ९० ला ६ ने भागतील आणि प्रत्येक डोस १५ करतील, रात्रीचा ३०, वरचा डोसही १५. एवढ्यासाठीच एका वहीत वेळ, गोळी, आणे आणि संडास झाली की नाही एवढ्या चार गोष्टी लिहायच्या. ‘बरंच दुखतंय’ या वाक्यावरून डोस ठरत नाही, या वहीवरून ठरतो.

वहीत एक खूण विशेष पाहण्यासारखी असते. दुखणं रोज पुढच्या गोळीच्या तासभर आधीच डोकं वर काढत असेल, तर बादली लहान आहे. अशा वेळी साधी गोळी तीन-तीन तासांनी देण्यापेक्षा डॉक्टर प्रत्येक वेळचा डोस वाढवतात. आणि दुखणं फक्त अंघोळीला, ड्रेसिंगला किंवा उठून बसवताना होत असेल, तर दिवसभराचा डोस वाढवून पेशंटला गुंगीत ठेवायचं कारण नाही. त्या कामाच्या अर्धा तास आधी वरचा डोस द्यायचा. नर्स ड्रेसिंगचं सामान मांडायला लागल्यावर दिलेली गोळी ड्रेसिंग संपल्यावर गुण देते.

दुखणं दोन-तीन दिवस स्थिर राहिलं की बारा तास टिकणाऱ्या गोळीवर जाता येतं. दिवसाचे ६० असतील तर सकाळी ३०, रात्री ३०, आणि वरच्या डोससाठी साधी १० ची गोळी हाताशी ठेवायचीच. बारा तासांची गोळी मोडायची नाही, कुटायची नाही, पाण्यात विरघळवायची नाही. तिचं औषध हळूहळू सुटावं म्हणून ती तशी बांधलेली असते. चुरली की बारा तासांचं मॉर्फिन एकदम रक्तात जातं. नाकातून नळी असलेल्या पेशंटच्या घरी ही चूक नेमकी होते, कारण तिथे सगळ्याच गोळ्या कुटायची सवय लागलेली असते.

एकदम मॉर्फिनच कशाला, आधी हलकं काही नाही का?

जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ मध्ये तीन पायऱ्यांची शिडी सांगितली. आधी पॅरासिटामॉलसारखी साधी औषधं, मग कोडीन-ट्रॅमाडॉल, मग मॉर्फिन. २०१८ च्या त्यांच्याच मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रत्येक पायरी चढलीच पाहिजे असा आग्रह राहिलेला नाही. दुखणं चौदा आणे असेल तर कमी डोसमधलं मॉर्फिन थेट सुरू करता येतं.

‘हलक्या’ औषधांबद्दल एक गैरसमजही आहे. पॅरासिटामॉल दिवसाला ४ ग्रॅमच्या वर गेलं तर यकृताला धोका, ट्रॅमाडॉलची हद्द ४०० मि.ग्रॅ., आणि डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर पोटात अल्सर आणि किडनीवर घाला. रंग वेगळा म्हणून वेगळं औषध समजून पॅरासिटामॉल असलेल्या तीन-तीन गोळ्या एकाच दिवसात पोटात जातात. मॉर्फिनला अशी ठरलेली वरची हद्द नाही. कुणाला दिवसाला ३० पुरतात, कुणाला ३०० लागतात, आणि जास्त लागणाऱ्याचा आजार जास्त वाईट असंही नाही. मॉर्फिन सुरू झालं म्हणून पॅरासिटामॉल बंद करायचं कारण नसतं, दोघं वेगवेगळ्या ठिकाणी काम करतात. ट्रॅमाडॉल मात्र तेव्हा बहुधा थांबवतात.

पोट साफ न होणं: सगळ्यात दुर्लक्षित भाग

मॉर्फिनची मळमळ आठवड्यात जाते, गुंगी दोन-चार दिवसांत उतरते, बद्धकोष्ठता जात नाही. आतड्यांतल्या कुलपांना किल्ली बसली की आतडी आळसावतात, आणि औषध चालू आहे तोवर आळसावलेलीच राहतात. म्हणून जुलाबाचं, म्हणजे पोट साफ करणारं, औषध मॉर्फिनच्या पहिल्या गोळीबरोबरच सुरू व्हायला हवं. चार दिवस संडास झाली नाही, मग बघू, असं करू नये. मॉर्फिन लिहून दिलं आणि कागदावर जुलाबाचं काही नसेल, तर तिथेच विचारा. विसरलेलं असू शकतं.

इथे आतड्याला ढकलणारं औषध लागतं, बायसाकोडिल किंवा सोनामुखीची अर्क-गोळी, बहुधा रात्री. बायसाकोडिल ५ ते १० मि.ग्रॅ.पासून सुरू करून गरजेप्रमाणे वाढवतात. त्याच्या जोडीला मल मऊ ठेवणारं लॅक्टुलोजसारखं पातळ औषध. इसबगोल हा आपल्याकडचा घरोघरचा उपाय इथे उलटतो. त्याला भरपूर पाणी लागतं. दिवसाला जेमतेम तीन-चार पेले पाणी पिणाऱ्या आणि आतडी मंदावलेल्या माणसात इसबगोलाचा लगदा आतच बसून राहतो.

‘खातच नाहीत, तर संडास कुठून होणार?’ हेही खरं नाही. न खाणाऱ्यालाही थोडा मल होतच असतो. तीन दिवस काही झालं नसेल तर कळवायचं. आणि अचानक पातळ, वारंवार, थोडी थोडी होऊ लागली तर जुलाब समजून औषध बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. खाली घट्ट गोळा अडकून बाजूनं पाणी झिरपत असल्याचं ते लक्षण असू शकतं. पोट फुगलंय, उलट्या होतायत, वारासुद्धा सरत नाही, असं असेल तर जुलाबाचं औषध द्यायचं नाही, आधी तपासून घ्यायचं. मॉर्फिन सोडून देणाऱ्यांना विचारलं तर कारण बहुधा दुखण्यापेक्षा संडासचंच निघतं.

मळमळीसाठी पहिले पाच-सात दिवस मेटोक्लोप्रामाइडसारखी गोळी देतात. तेवढ्यावर भागतं, आणि अनेकांना तीही लागत नाही.

सारखे झोपतात, म्हणजे डोस जास्त झाला का?

सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत बहुतेकदा नाही. कित्येक रात्री ठणक्यानं जागून काढलेल्या माणसाचं दुखणं थांबलं की तो झोपतो. हाक मारल्यावर डोळे उघडतो का, ओळखतो का, नीट बोलतो का, हे बघायचं. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक दिसणं ही मॉर्फिन घेणाऱ्या कुणाचीही खूण असते, तेवढ्यावरून घाबरू नये.

काळजीची खूण वेगळी. आधी जागा, बोलता असलेला माणूस उठवूनही उठत नाही. पूर्ण एक मिनिट मोजल्यावर श्वास आठापेक्षा कमी भरतात. हातपाय अचानक झटकतात. समोर नसलेली माणसं, किडे दिसतात. असं असेल तर पुढचा डोस द्यायचा नाही आणि लगेच फोन करायचा. हॉस्पिटलमध्ये यावर नालोक्सोन नावाचा उतारा आहे, पण तो थेंबाथेंबानं द्यावा लागतो. भसकन दिला तर श्वासाबरोबर दुखणंही एकदम परत येतं.

असं का होतं, याची कारणं ठरावीक असतात. मॉर्फिन शरीरात मोडल्यावर जे उरतं ते किडनी बाहेर टाकते. किडनी मंदावली, किंवा उलट्या-जुलाबांनी शरीर कोरडं पडलं, की ते साठतं. कालपर्यंत अगदी बरोबर असलेला डोस आज जास्त होतो. अशा पेशंटला डॉक्टर डोस कमी करतात, दोन डोसमधलं अंतर वाढवतात किंवा फेंटानिलसारखं दुसरं ओपिऑइड देतात. दुसरं कारण आनंदाचं, पण लक्षात न येणारं. रेडिएशननं हाडाचं दुखणं उतरतं आणि मॉर्फिन मात्र जुन्याच डोसनं चालू राहतं. तिसरं कारण झोपेची गोळी किंवा दारू सोबत जाणं.

श्वास बंद पडून माणूस लवकर जातो, असं म्हणतात

ही भीती निराधार नाही. दुखणं नसलेल्या, कधी ओपिऑइड न घेतलेल्या माणसानं एकदम मोठा डोस घेतला तर श्वास मंदावून मृत्यू येऊ शकतो. पण लहान डोसनं सुरुवात करून पायरीपायरीनं वाढवलेल्या मॉर्फिनची गोष्ट वेगळी. शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो आणि दुखणं स्वतःच श्वास जागता ठेवतं. श्वासाच्या आधी गुंगी वाढते, म्हणजे सावध व्हायला वेळ मिळतो. दम लागणाऱ्या पेशंटला पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर, म्हणजे त्रास कमी करण्याच्या शाखेतले डॉक्टर, धाप कमी व्हावी म्हणून कमी डोसमध्ये मॉर्फिनच देतात, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं.

‘मॉर्फिन सुरू केलं आणि आठवड्यात गेले’ हे वाक्य खोटं नसतं, पण त्यातला कार्यकारणभाव उलटा असतो. आपल्याकडे मॉर्फिन इतकं उशिरा सुरू होतं की ते आणि शेवट शेजारी-शेजारी येतात. योग्य रीतीनं दिलेल्या मॉर्फिननं आयुष्य कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. वेळेत सुरू झालं तर पेशंट जेवायला बसतो, झोपतो, घरात दोन पावलं चालतो.

व्यसन लागेल त्याचं काय?

इथे तीन वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव देतो.

सकाळ-संध्याकाळ चहा पिणाऱ्याला कडक एकादशीला डोकं धरतं. त्याला कुणी व्यसनी म्हणत नाही. शरीराला रोजच्या पदार्थाची सवय झाली, तो एकदम तुटला, शरीरानं तक्रार केली. मॉर्फिन काही आठवडे घेतल्यावर एकदम बंद केलं तर नाक गळणं, काटा येणं, जुलाब, अस्वस्थपणा अशी तक्रार होते. म्हणून रेडिएशननं दुखणं गेलं तरी मॉर्फिन टप्प्याटप्प्यानं उतरवतात. गोळ्या संपल्या म्हणून दोन दिवस तसेच काढणं धोक्याचं, ते याच कारणानं.

दुसरी गोष्ट, तेवढ्याच गुणासाठी कालांतरानं थोडा जास्त डोस लागणं. तसं होतं, पण कॅन्सरमध्ये डोस वाढायचं नेहमीचं कारण म्हणजे आजार वाढणं.

तिसरी गोष्ट खरं व्यसन. दुखणं नसतानाही औषधाची ओढ, नुकसान होत असूनही ते मिळवण्याची धडपड. कॅन्सरच्या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिन घेणाऱ्यांत हे कमी आढळतं. शून्य नाही. आधी दारूचं किंवा अन्य व्यसन असलेल्यांत, किंवा उपचार होऊन वर्षानुवर्षं जगणार असलेल्यांत जास्त सावध राहतात. थोड्या थोड्या गोळ्या देतात, एकाच माणसाच्या हाती ठेवायला सांगतात. जो पेशंट घड्याळाकडे बघत ‘गोळी द्या, गोळी द्या’ करतो, तो अनेकदा व्यसनी नसून अपुऱ्या डोसवर असतो. डोस पुरेसा केला की मागणं थांबतं.

अमेरिकेतलं संकट इथे आठवतं. तिथे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑक्सिकोडोन या दुसऱ्या ओपिऑइडच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या गोळ्यांचा जोरदार प्रचार झाला आणि पाठदुखी-गुडघेदुखीसारख्या वर्षानुवर्षं चालणाऱ्या दुखण्यांसाठी त्या सैल हातानं लिहिल्या गेल्या. पुढे रस्त्यावरचं हेरॉइन आणि बेकायदा फेंटानिल आलं. त्यातून शिकायचं ते शिकावंच, पण वाढलेल्या कॅन्सरच्या पेशंटला गोळी नाकारण्यासाठी त्याचा दाखला देणं म्हणजे शेजारच्या गावात पूर आला म्हणून आपल्या दुष्काळातला टँकर परत पाठवणं.

आत्ताच दिलं तर पुढे काय उरणार?

मॉर्फिन संपून जाणारी पुंजी नाही. दुखणं वाढलं तर डोस वाढवता येतो, आणि एक ओपिऑइड मानवलं नाही तर दुसऱ्यावर जाता येतं. हा बदल डॉक्टरच करतात, कारण प्रत्येकाची ताकद वेगळी असते आणि बदलताना हिशोबानं येणारा डोस थोडा कमी करून सुरुवात करावी लागते.

पॅच लावला की झालं, असं का नाही?

त्वचेवर चिकटवायचा फेंटानिलचा पॅच दिसायला सोपा, म्हणून घरच्यांना आवडतो. गिळता येत नसेल किंवा किडनी कमजोर असेल तर तो खरंच उपयोगी. पण तासाला २५ मायक्रोग्रॅम सोडणारा पॅच तोंडाने घेतलेल्या दिवसाच्या ६० ते ९० मि.ग्रॅ. मॉर्फिनच्या तोडीचा असतो. कधी ओपिऑइड न घेतलेल्या माणसाला तो थेट लावणं धोकादायक आहे. त्याचा गुण यायला १२ ते २४ तास लागतात, म्हणून आज रात्रीच्या ठणक्यावर तो कामाचा नाही. आणि काढल्यावरही औषध त्वचेखालून तासन्‌तास येत राहतं.

दर ७२ तासांनी बदलायचा, जागा बदलायची, जुना काढल्याशिवाय नवा लावायचा नाही. पाठीवर विसरलेला जुना पॅच हे गुंगीचं एक ठरलेलं कारण आहे. पॅचवर तारीख आणि वेळ पेनानं लिहून ठेवावी. लावण्याआधी जागा साध्या पाण्यानं धुवावी, तेल-पावडर नको. त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही. उष्णतेनं औषध भराभर आत जातं, मोठ्या तापातही तसंच होतं, म्हणून तापात पेशंटवर लक्ष ठेवायचं. काढलेला पॅच चिकट बाजू आत करून दुमडायचा. त्यात उरलेलं औषध लहान मुलाचा जीव घ्यायला पुरेसं असतं.

पण ही गोळी मिळते कुठे?

ज्या देशात कायदेशीर अफू पिकते, तिथल्या पेशंटला मॉर्फिन मिळत नाही, हा या विषयातला सगळ्यात बोचरा भाग. १९८५ चा एनडीपीएस कायदा अमली पदार्थांची तस्करी रोखण्यासाठी आला. त्यातल्या कडक शिक्षांच्या भीतीनं आणि वेगवेगळ्या खात्यांच्या, वेगवेगळ्या तारखांना संपणाऱ्या परवान्यांच्या जंजाळानं हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. डॉक्टरांच्या एका अख्ख्या पिढीनं मॉर्फिनची गोळी हातात न घेताच शिक्षण संपवलं.

२०१४ मध्ये कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं ‘अत्यावश्यक अमली औषधं’ ठरली आणि त्यांच्यासाठी देशभर एकच नियम आला. आता हॉस्पिटलला राज्याच्या औषध नियंत्रकांकडून, महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडून, मान्यताप्राप्त संस्था म्हणून एकच मंजुरी लागते. तिथे प्रशिक्षित डॉक्टर हवा आणि साठ्याचा हिशोब चोख हवा. कागदावर रस्ता मोकळा झाला, पण सवयी तितक्या लवकर बदलल्या नाहीत.

म्हणून गल्लीतल्या मेडिकलमध्ये विचारत फिरण्यात दिवस घालवू नये, तिथे ती सहसा नसते. पॅलिएटिव्ह केअरचा विभाग असलेलं हॉस्पिटल गाठावं. मुंबईत परळचं टाटा हॉस्पिटल, वांद्र्याचं १९८६ पासून चालू असलेलं शांती आवेदना सदन, पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर ही ठाऊक असलेली नावं. जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअर कक्ष आहे का, हेही विचारावं. पेशंटला प्रत्येक वेळी नेणं जमत नसेल तर नातेवाइकाला औषध मिळेल का आणि कोणते कागद लागतील, हे पहिल्याच भेटीत विचारून ठेवावं. गोळ्या आठवडाभर पुरतील एवढ्या उरल्या की पुढच्या फेरीची तयारी करावी. प्रवासात मूळ पाकीट आणि डॉक्टरांचा कागद सोबत ठेवावा.

गिळता येईनासं झालं की

शेवटच्या दिवसांत पेशंट गोळी गिळू शकत नाही, बोलत नाही, आणि घरात कुणीतरी म्हणतं, ‘आता कशाला औषधं?’ रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची गोळी खुशाल थांबवा. दुखण्याचं औषध थांबवायचं नाही. दुखणं थांबलेलं नसतं, फक्त सांगणं थांबलेलं असतं. मॉर्फिन त्वचेखाली बारीक सुई ठेवून देता येतं. तोंडाने जेवढं चालू होतं त्याच्या साधारण निम्मं किंवा तिसरा हिस्सा पुरतो, कारण गोळीतलं बरंच औषध यकृतातच खर्ची पडतं. पॅच आधीपासून असेल तर तसाच चालू ठेवतात. ही सोय ऐन वेळी रात्री अकराला उभी राहत नाही. गिळायला त्रास होतोय हे दिसू लागताच डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

आणि दुखतंय का हे कपाळावरून ओळखायचं. कूस बदलताना भुवया आवळल्या जातात का, चादर मुठीत धरली जाते का, कण्हणं वाढतं का. तसं असेल तर अंग पुसण्याआधी, चादर बदलण्याआधी वरचा डोस.

उरलेल्या गोळ्या कुलपात ठेवायच्या, मोजून. दुसऱ्या कुणाच्या गुडघेदुखीला त्यातली एकही द्यायची नाही. गरज संपली की जिथून आणल्या तिथेच परत द्यायच्या.